दिवसा एक मिनिट, रात्री दोन

निवृत्त माणसाला एखादा छंद हवा, यावर सर्वांचं एकमत असतं. मतभेद असतो तो त्याने तो छंद कुठे करावा, एवढ्यापुरताच. भजनाचा नाद असलेला देवळात जातो, महागाई भत्त्याचा हिशेब ठेवणारा पारावर जातो. ही मंडळी घराबाहेर असतात, म्हणून घरच्यांना प्रिय असतात. माझा छंद मात्र आठ फूट लांब आणि चार फूट रुंद आहे आणि तो आमच्या माडीवर, जिथे पूर्वी वर्षाचे पापड वाळत, तिथे कायमचा पसरलेला आहे. मी रेल्वे चालवतो.

फैजपूरला रेल्वे नाही. १९३६ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले, नंदलाल बोसांसारख्या चित्रकाराने बांबू आणि असल्याच गावठी सामानातून सजावट उभी केली. एवढं सगळं आलं, पण रेल्वे काही आली नाही. ती सावद्यावरून, निंभोऱ्यावरून, रावेरवरून आमच्या केळ्यांसकट परस्पर दिल्लीकडे जाते. तेव्हा सरकारवर विसंबून न राहता मी ती घरीच आणली, एवढंच.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ च्या एप्रिलमध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. मुलाकडे गेलो असताना मी ते पाहिलं. सगळे लोक गाड्या पाहत होते आणि मी टेबलाखाली डोकावत होतो. बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला काउंटरच्या वरच्या हसऱ्या चेहऱ्यापेक्षा खालच्या खणात काय आहे याची उत्सुकता जास्त असते. परत येताना मी बायकोला म्हटलं, “माडी रिकामीच आहे.” ती म्हणाली, “माडी रिकामी नाही, तिथे पापड असतात.” यावरून काय ते समजा.

हे खेळणं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. ही खऱ्या गाडीची सत्त्याऐंशी पटीनं लहान केलेली प्रतिकृती आहे. आता आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर एकोणीसच्या थोडं वर येतं. माझे रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचे आहेत, कारण हे माप ज्यांनी ठरवलं त्या गोऱ्या लोकांची गाडीच मुळात अरुंद. म्हणजे माझी भुसावळ-खंडवा लाइन थोडी अंग चोरून उभी आहे. पाहुण्यांच्या हे लक्षात येत नाही. पाहुण्यांच्या लक्षात फक्त एवढंच येतं की, गाडीत माणसं नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते गाडीविषयी नाही, तिच्या वायरिंगविषयी. वायरिंग करता करता मला एक प्रश्न पडला. तो तसा तत्त्वज्ञानातला आहे, पण मला तो टेबलाखाली गोधडीवर उताणं पडलेलं असताना पडला.

अशी रेल्वे चालवायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत सोपी. रुळांत वीज सोडायची. नॉब पुढे फिरवला की गाडी पळते, मागे घेतला की थांबते. एकच गाडी आहे तोवर रामराज्य. दुसरी ठेवली की दोन्ही बरोबर पळतात, दोन्ही बरोबर थांबतात. एकीला थांबवायचं तर तिची वीज तोडावी लागते. मग लोक रुळांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण लावतात आणि मालक बटणांपुढे हार्मोनियम वाजवल्यासारखा बसतो.

माझ्या वडिलांनी घर याच रीतीनं चालवलं. नॉब एकच होता आणि तो ओसरीवर बसलेला असे. धाकट्याला गणितात कमी मार्क मिळाले की सगळ्या घराचा आमरस बंद. त्यात आमची आत्याही आली, जिचं गणित साठ वर्षांपूर्वी सुटलं होतं. वडील कुणाला मारत नसत, ओरडत नसत. ते नुसते जेवत नसत. ते जेवले नाहीत की आई जेवत नसे, आई जेवली नाही की आम्ही जेवत नसू, आणि गोठ्यातल्या बैलांनाही त्या दिवशी वैरण उशिरा पडे. कोणाचा दोष आहे हे शोधायची गरजच उरत नसे. मुख्य लाइनच बंद.

नवी रीत म्हणजे डिजिटल. तिच्यात रुळांना वीज कायम भरपूर असते, चौदा-पंधरा व्होल्ट, गाडी उभी असो की पळत असो. त्याच विजेवर स्वार होऊन हुकूम जातात. वीज रुळांतून क्षणाक्षणाला उलटसुलट होत असते. तो पालट झटपट झाला, म्हणजे ५८ मायक्रोसेकंदांत, तर ‘एक’, आणि जरा रेंगाळून, शंभराच्या आसपास झाला तर ‘शून्य’. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. आमच्याकडे वायरमन ‘आलोच’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जो काळ असतो, त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाचा. या एक-शून्यांची माळ म्हणजे हुकूम: अमुक नंबरच्या इंजिनानं, अमुक वेगानं, अमुक दिशेला जावं.

गंमत अशी की, प्रत्येक हुकूम प्रत्येक इंजिनाला ऐकू जातो. रूळ सगळ्यांचे एकच. पण इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची नखाएवढी पट्टी बसवलेली असते. ती नंबर पाहते. आपला असेल तर ऐकते, नसेल तर सोडून देते. आणि हुकूम देणारं यंत्र पुन्हा पुन्हा तेच सांगत राहतं, कारण ऐकलं की नाही हे त्याला कळत नाही. या बाबतीत त्याचं आमच्या सौभाग्यवतींशी साम्य आहे. अलीकडे उलट उत्तर देणारे डिकोडरही निघाले आहेत. ते मी घेतलेले नाहीत. घरात ती सोय आहे.

कारखान्यातून येणाऱ्या इंजिनाचा नंबर ठरलेला असतो: तीन. दोन नवी इंजिनं रुळावर ठेवून तीनला ‘चल’ म्हटलं की दोघंही निघतात, एखाद्या वर्गात ‘पाटील’ म्हणून हाक मारावी आणि निम्मा वर्ग उभा राहावा तसे. म्हणून आधी बारसं करावं लागतं. एका वेगळ्या तोडलेल्या रुळावर इंजिन एकटं न्यायचं आणि त्याला त्याचा नंबर सांगायचा. ते एकटंच असावं हे महत्त्वाचं, नाहीतर शेजारी उभा असलेलाही तेच नाव घेऊन घरी जातो.

आमचे साडूभाऊ भुसावळला इंजिन ड्रायव्हर होते. हल्ली त्यांना लोको पायलट म्हणतात, पण साडूभाऊ म्हणतात, “पायलट विमानाचा. मी ड्रायव्हरच.” त्यांनी माझी माडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, ही जुनी रीत म्हणजे भुसावळच्या ऑफिसातून साहेबानं माझ्या गाडीचा करंट कमी-जास्त करायचा. असं कुठं असतं काय? वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट कायम असतात. सगळ्यांना सारखे. कोणी किती घ्यायचे ते ज्यानं त्यानं ठरवायचं.” त्यांना डिजिटल रीत लगेच पटली. मात्र जाताना जिन्यात थांबून म्हणाले, “पण इंजिनात ड्रायव्हर कुठे बसू राह्यला तुमच्या?”

हाच तो प्रश्न. मी त्या वेळी ‘आता जेवायला चला’ म्हणून टाळला, पण तो जेवून परत आला.

मधे थोडं टेबलाखालचं सांगतो, कारण खरे हाल तिथे आहेत. वरून पाहणाऱ्याला वाटतं, दोन रुळांना दोन वायरी जोडल्या की झालं. तसं केलं तर गाडी जोडणीजवळ वाघासारखी धावते आणि पलीकडच्या टोकाला रेशनच्या रांगेसारखी सरकते. रुळांच्या सांध्यांवर विश्वास ठेवता येत नाही. ते गंजतात, सैल होतात. म्हणून टेबलाखालून लाल आणि काळी अशा दोन जाड वायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायच्या, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वरून भोक पाडून बारीक वायरीनं त्यांच्याशी सोल्डर करायचं. प्रत्येकाला आपला स्वतःचा थेंब मुख्य नळातून मिळाला पाहिजे, शेजाऱ्याच्या ओंजळीतून नव्हे. हे सगळं उताणं पडून करायचं असतं आणि वितळलेलं सोल्डर न्यूटनच्या नियमानं खाली येतं. खाली आपण असतो.

मग परीक्षा. टेबलाच्या लांबातल्या लांब कोपऱ्यात रुळांवर एक रुपयाचं नाणं आडवं टाकायचं. दोन्ही रूळ जोडले गेले, शॉर्ट झालं, की वीज पुरवणाऱ्या पेटीनं तत्क्षणी सगळं बंद केलं पाहिजे. बंद झालं तर वायरिंग उत्तम. नाही झालं तर समजावं की, वायरी बारीक आहेत, आणि एक दिवस काहीतरी जळणार. रुपया टाकला की कारभार ठप्प होतो, अशी ही माझ्या माहितीतली एकमेव जागा. बाकी सगळीकडे अनुभव उलटा आहे.

तर साडूभाऊंचा प्रश्न. रात्री माडीवर दिवा लावून बसलं की दिसतं: चार इंजिनं उभी आहेत. चारींच्या चाकांखाली पूर्ण वीज आहे. त्यांना कोणी अडवलेलं नाही, कोणी उपाशी ठेवलेलं नाही. तरी ती उभी आहेत, कारण त्यांचा नंबर कोणी पुकारलेला नाही. पहिल्यांदा मला ते स्थितप्रज्ञाचं लक्षण वाटलं. एवढी शक्ती पायाखाली असून निश्चल! मग वाटलं, स्थितप्रज्ञाला निघता येत असतं, तो निघत नाही. हे तर निघूच शकत नाहीत. जुन्या रीतीत निदान इंजिनाला म्हणता येत होतं, ‘मी काय करू, वीजच नव्हती.’ नव्या रीतीत ती सबबही गेली. मग हुकमाची वाट पाहत उभं राहणं हा गुण म्हणायचा की काय म्हणायचं?

इथे मला माझ्या भावाची गोष्ट सांगितली पाहिजे. धाकटा, तोच गणितातला. त्याला केळीच्या बागेत रस नव्हता, त्याला मोटारी दुरुस्त करायच्या होत्या. विहिरीवरची मोटर जळली की तो तिच्या आतली तांब्याची तार उलगडून पुन्हा गुंडाळत असे. त्यानं गावात दुकान काढतो म्हटलं. वडील जेवले नाहीत. या वेळी तीन दिवस. चौथ्या दिवशी भाऊ सुरतेला गेला. हे १९७८ साल. वडील फक्त एवढंच म्हणाले, “इथून कोणी तिकडं जायचं नाही.” आणि जेवायला बसले.

भुसावळहून सुरतेला पॅसेंजर जात असे. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, आणि मग गुजरात. भावाचं दुकान चांगलं चाललं होतं, हे गावातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत होतं. तिकिटाचे पैसे त्याच्याकडे होते आणि आमच्याकडेही होते. रूळ शाबूत होते. अकरा वर्षं कोणीही हललं नाही. तो म्हणे, मला बोलावलं नाही. घर म्हणे, वडिलांनी सांगितलं नाही. आणि वडील, मला आता वाटतं, हेही कोणाची तरी वाट पाहत असावेत, पण त्यांचा नंबर पुकारणारा त्यांच्या वर कोणी उरलेलाच नव्हता.

१९८९ सालच्या थंडीत एका सकाळी आई नवं लुगडं नेसून ओसरीवर आली. हातात बोचकं, त्यात पापड, तिखट आणि भरताची चार वांगी. ती वडिलांना म्हणाली, “सुरतेला जाऊन येते. तुमच्या गोळ्या सुनेजवळ दिल्या आहेत.” विचारलं नाही, सांगितलं. भांडलीही नाही. थोडी थांबली, वडील काही म्हणतात का ते पाहिलं, ते काही म्हणाले नाहीत, आणि ती एस. टी. स्टँडकडे चालू लागली. तिला वाचता येत नव्हतं. सुरत हे त्या गाडीचं शेवटचं स्टेशन, पुढे गाडी जातच नाही, एवढ्या एका माहितीवर ती गेली. आठ दिवसांनी परत आली. वडील ओसरीवरच होते. त्यांनी विचारलं, “गाडीला गर्दी होती काय?”

आई म्हणाली, “नंदुरबारपर्यंत होती.”

त्या घरात या विषयावर यापेक्षा जास्त चर्चा कधी झाली नाही. पुढच्या दिवाळीला भाऊ आला.

ही गोष्ट मी साडूभाऊंना माडीवर सांगितली आणि विचारलं, आईनं हुकूम मोडला, असं म्हणायचं का? त्यांनी विडी विझवली (माझ्या लाइनवर धूम्रपानास बंदी आहे) आणि म्हणाले, “लाल सिग्नल पाहिला की आम्ही काय करतो, माहीत आहे का तुम्हाला?” मी म्हटलं, थांबता. “थांबतो. पण आपोआप चालणारा सिग्नल असला, मुंबईकडं असतात तसा, तर दिवसा एक मिनिट थांबतो, रात्री दोन. तरी लालच राहिला तर निघतो. हळूहळू. पुढं काही आडवं दिसलं तर त्याच्या अलीकडं उभं राहता येईल, एवढ्याच वेगानं. हा नियम मोडणं नाही. हाच नियम आहे.”

मी बँकेतला माणूस. नियमांच्या पुस्तकात, हा नियमच बिघडलेला असू शकतो, असं लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रेल्वेनं ते लिहून ठेवलं आहे. सिग्नल बिघडेल, तार तुटेल, मग लालच्या पुढे उभी असलेली गाडी काय जन्मभर उभी राहील? म्हणून आधी थांब, मग स्वतःच्या डोळ्यांनी पाहत जा. माझ्या मते आईनं हेच केलं. तिचं मिनिट अकरा वर्षांचं होतं, एवढाच फरक.

पण साडूभाऊ कोणाचं समाधान पूर्ण होऊ देत नाहीत. ते म्हणाले, “सगळेच लाल तसे नाही हं, भाऊ. स्टेशनाचा सिग्नल लाल असला तर लेखी कागद हातात आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. मग तास होवो की दोन तास. पुढं दुसरी गाडी आडवी जाऊ शकते.” मी विचारलं, “मग कोणता लाल कोणता, हे तुम्हाला कळतं कसं?” ते म्हणाले, “खांबावर पाटी असते. इंग्रजी ‘ए’ अक्षराची. ती पाहायची.”

ओसरीवर पाटी नव्हती. आईला वाचता येत असतं तरी काही फरक पडला नसता. वडिलांचा ‘जायचं नाही’ हा कोणत्या जातीचा लाल होता? थांबून, अंदाज घेऊन जाण्यासारखा, की ज्याच्या पुढे खरोखरच टक्कर आहे असा? आमच्याच गल्लीत एकानं बापाचा असाच लाल ओलांडला आणि त्या घराचे दोन तुकडे झाले, विहिरीसकट. त्याच्याही चाकांखाली वीज होती आणि त्यालाही वाटलं होतं की, आपण नियमानंच निघालो. आई निघाली तेव्हा तिला टक्कर होणार नाही हे माहीत नव्हतं. तिनं वेग मात्र कमी ठेवला होता. भांडण नाही, रडणं नाही, आणि गोळ्या सुनेजवळ. पुढे काही आडवं आलं असतं तर ती फाटकाशीसुद्धा थांबू शकली असती.

भाऊ परत आला, त्याचंही वायरिंग सांगतो. रुळाची लाइन वळसा घेऊन परत स्वतःलाच मिळते, तिथे एक घोटाळा असतो. गेलेला उजवा रूळ परत येताना डाव्याला भेटतो. शॉर्ट. गाडी आली तशी घरात घेताच येत नाही. त्याचा उपाय म्हणजे वळशाचा भाग दोन्ही टोकांना तोडून वेगळा करायचा आणि एक छोटी पेटी लावायची. गाडी सांध्यावर आली की ती पेटी वळशाच्या रुळांची बाजू उलटी करते. गाडीला काही करावं लागत नाही, तिला ते कळतही नाही. बदलायचं असतं ते रुळांनी. दिवाळीत भाऊ आला तेव्हा वडिलांनी त्याच्याशी दुकानाविषयी एक शब्द काढला नाही. फक्त विहिरीवरची मोटर गेले पाच महिने ‘आवाज करते आहे’, असं ते भिंतीकडे पाहून म्हणाले.

आता या उन्हाळ्यात नातू आला आहे, पुण्याहून, चौदा वर्षांचा. त्यानं माझी सगळी रेल्वे लॅपटॉपला जोडली. कोणती गाडी कोणत्या तुकड्यावर आहे हे यंत्राला कळतं, पुढचा तुकडा भरलेला असेल तर सिग्नल लाल होतो, मागची गाडी आपसूक थांबते. मला नॉबही उरला नाही. मी खुर्चीवर बसून असतो, ओसरीवर बसल्यासारखा.

मी त्याला म्हटलं, “बाळा, यात एक नियम घाल. लालपुढे एक मिनिट थांबून गाडी हळूहळू निघाली पाहिजे.”

तो म्हणाला, “कशाला, आजोबा? इथे सिग्नल चुकतच नाही.”

“तरी घाल.”

“मग ती पुढच्या गाडीला धडकेल.”

“हळू जाईल. आणि आडवं काही असलं तर थांबेल.”

“पण तिला दिसणार कसं? तिला डोळे कुठे आहेत?”

साडूभाऊ म्हणाले, “हेच तर मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.”

नातवानं डोकं खाजवलं. मग त्यानं खाऊच्या डब्यातून आणल्यासारखा खिशातून एक लहानसा डोळा काढला, लाल किरण सोडणारा, कुठल्याशा मोडक्या खेळण्यातला, आणि म्हणाला की, हा इंजिनाच्या नाकावर बसवता येईल. दोन दिवस तो बसवणं चाललं. आज जमलं. त्यानं विचारलं, “आजोबा, एक मिनिट म्हणजे खरं एक मिनिट, की सत्त्याऐंशीनं भागायचं?”

यावर माझा आणि साडूभाऊंचा अर्धा तास वाद झाला. मी म्हणत होतो, गाडी लहान, रूळ लहान, तर मिनिटही लहानच हवं. सेकंदाचे दोन तृतीयांश. साडूभाऊ म्हणत होते, थांबणं लहान करून चालत नाही. शेवटी त्यांचं ऐकलं, कारण लालपुढे उभं राहिलेले आमच्यात तेच.

“आणि रात्री दोन मिनिटं ना?” नातवानं विचारलं. “पण रात्र झाली हे इंजिनाला कळणार कसं?”

मी उठलो आणि माडीवरचा दिवा मालवला.